शमाने त्याला पाडलं नाही

"ही घोडी नाही, गाढव आहे," अरशदभाई सगळ्यांसमोर म्हणाला. आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या वाळूत उझमा खोगीर आवळत राहिली.

अरशदभाई तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. दुबईत शेखांच्या तबेल्यात राबून आलेला, त्यामुळे लांब पल्ल्याच्या शर्यतीतलं आपल्याएवढं कुणालाच कळत नाही, असा त्याचा तोरा. उझमाचा नवरा उमेर बोटीवर, तेव्हा घरात शब्द जेठाचाच. उझमाची करडी घोडी शमा खुरात खडा रुतून लंगडली, तेव्हा नाटकं करते म्हणून त्याने तिला काठीने झोडपलं होतं. तेव्हापासून उझमा त्याला जेवायला वाढायची, पण तोंडाकडे बघायची नाही.

शर्यत किनाऱ्यावरून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, चढून परत यायची. वाटेतल्या थांब्यांवर डॉक्टर घोड्याच्या छातीचे ठोके मोजत. ते वेळेत खाली आले तरच पुढे सोडत. पहिल्या थांब्यावर शमा पाणी प्यायली, मान सैल सोडून उभी राहिली आणि लगेच सुटली. अरशदभाईचा काळा घोडा सुलतान मात्र डॉक्टरला अंगाला हात लावू देईना.

"तुझ्या घोडीमुळे बिथरला हा! माझ्या पुढे राहू नकोस."

"मग तुम्ही जरा जोरात हाका," उझमा म्हणाली. आजूबाजूचे हसले. ते त्याला फार झोंबलं.

सड्यावर तो मागून भरधाव आला आणि तिला घासून पुढे गेला. जाताना त्याचा चाबूक शमाच्या तोंडावर बसला. शमाने कान पाडले, पण दुडकी मोडली नाही.

पुढे चिऱ्याच्या खाणीत दगड कापायचं मशीन एकदम घरघरलं आणि सुलतान उधळला. उझमा पोचली तेव्हा अरशदभाई कातळावर पडला होता, खांदा निखळलेला. घोडा दिसेनासा झाला होता. फोनला रेंज नव्हती.

"उतर खाली. घोडी दे."

"स्वार बदलला की मी शर्यतीतून बाद."

"मग मरू दे मला इथे?"

निघून जावं, असं तिच्या मनात खरंच आलं. तरी ती उतरली. कण्हत, शिव्या देत त्याने आयाळ मुठीत धरली आणि चढला. पाड, शमा, एकदाच पाड, उझमा मनात म्हणत होती. शमा हललीसुद्धा नाही. उतारावरचा सुटा दगड टाळत, एकेक पाऊल जपून टाकत तिने त्याला खाली आणलं. लगाम धरून पुढे चालणाऱ्या उझमाला त्या क्षणी घोडीचाही राग आला. एवढं शहाणं असायची काय गरज होती?

खाली पोचताच पंचांनी तिला बाद केलं. अरशदभाई लोकांना सांगत होता, "एका हाताने आणली मी ही घोडी."

उझमाने खोगीर काढलं. "अरशदभाई, पुन्हा हिच्या जवळ आलात तर तो हातही शाबूत ठेवणार नाही."

"कुणाच्या घरात राहतेस, ठाऊक आहे ना?"

"आजपासून नाही राहत."

किनाऱ्याच्या रस्त्याने ती शमाला चालवत जवळच्याच काळबादेवी गावात, माहेरी गेली. संध्याकाळी उमेरचा फोन आला.

"भाई म्हणतो, तुझ्या घोडीने पाडलं त्याला."

"नाही पाडलं," उझमा म्हणाली. "मी तिला किती विनवलं, तरी नाही."