उसनी चरबी चालत नाही

आरासेलीने उभ्या आयुष्यात कंबर सांभाळली, जीभ मात्र कधी सांभाळली नाही. काली शहरात साल्सा नाच शिकवणारी ही बाई साठीतही वेताच्या छडीसारखी होती. धाकट्या बहिणीला, नोएमीला, ती भर रस्त्यात "काय गं रणगाडे!" अशी हाक मारायची. नोएमी गल्लीच्या तोंडाशी गाडीवर एम्पनाडा, म्हणजे सारणाच्या तिखट करंज्या, तळून विकायची. ती हसायची आणि कढईत पुढचा घाणा सोडायची.

मग आरासेलीचा उजवा गुडघा गेला. नाचणं राहिलं बाजूला, जिना चढतानाच सगळे संत आठवू लागले. डॉक्टर तास्कोन म्हणाले, "पोटाची थोडी चरबी काढू, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून गुडघ्यात सोडू. झीज भरून येईल असं वचन देत नाही, पण काहींना आराम पडतो." त्यांनी तिच्या पोटाला चिमटा घेऊन पाहिला. हाती नुसती कातडी लागली.

"बाई, इथे तर दुष्काळ आहे."

"माझ्या बहिणीची घ्या की! सगळ्या गल्लीला पुरेल."

"उसनी चालत नाही. स्वतःचीच लागते. जरा अंग धरून या."

आरासेली काठी टेकत कढईपुढे येऊन उभी राहिली. तिने तेलातल्या बुडबुड्यांवर नजर खिळवली.

"मला जाडं कर," ती पुटपुटली.

नोएमीने झारा खाली ठेवला. "काय म्हणालीस? मोठ्याने बोल, तेल तडतडतंय."

"जाडं कर म्हटलं, मेले!"

नोएमी पोट धरधरून हसली. मग डोळे पुसून तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस."

कोंबडीचा रस्सा, तळलेली केळी, नारळाचा भात. आधी आरासेली औषध घेतल्यासारखी खायची, मग ताट चाटूनपुसून, मग मागून घेऊन.

"इतकं चांगलं करतेस तू?" एकदा तिने विचारलं.

"किती वर्षं बोलावतेय जेवायला. तू कुठली येतेस!"

आरासेली भातच चिवडत राहिली.

यथावकाश चरबी निघाली, पेशी गुडघ्यात गेल्या. दुखणं बरंच उतरलं. पेशींमुळे, की इतके महिने स्टुलावर बसून काढले म्हणून, ते डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आता मात्र वजन उतरवा. गुडघ्यावर भार नको."

"अहो, तुम्हीच वाढवायला लावलंत ना!"

"ते चरबीसाठी. हे गुडघ्यासाठी. रोज चालत जा."

डॉक्टरांचा शब्द आरासेलीने मोडला नाही. रोज दुपारी ती काठीशिवाय चालत निघते, थेट नोएमीच्या गाडीपर्यंत, आणि दोघी बहिणी एकत्र जेवतात.