पुरेसा ताप

ताप नव्हता, आणि व्हर्नाला त्याचाच राग आला.

तिने लेकीच्या कपाळावरचा हात उचलला, स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि पुन्हा कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

"आला का?" टेसाने डोळे न उघडताच विचारलं.

"नाही गं."

"शी!" टेसा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

आईने लेकीच्या तापाची वाट बघत बसायचं, असा दिवस आपल्या नशिबी येईल हे व्हर्नाला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. वीस वर्षं ती डॉसन फ्लॅटच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांच्या ताटात मॅकरोनी वाढता वाढता एखाद्याचे डोळे तांबडे दिसले की ती हातातला डाव खाली ठेवायची, कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "जा, नर्सबाईंकडे जा, आणि बिस्किट तिकडे घेऊन जा." एखादा वस्ताद पोरगा हीटरला कपाळ टेकवून येऊन तिला फसवायचा ते सोडा; एरवी तिचा हात चुकत नसे.

काल संध्याकाळी टेसाचं पाणी गेलं. पाचवा महिना लागलेला. नवरा डस्टी दूर नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरीवर, तिकडे बर्फाच्या वादळात अडकलेला. व्हर्नाने मुलीला गाडीत घातलं आणि परगण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रुइट हा तरुण माणूस. स्वभावाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"बाळ वाचेल का?" व्हर्नाने विचारलं होतं.

"नाही, मॅम. पाणीच उरलं नाही."

"मग मोकळी करा ना हिला."

"बाळाचे ठोके आहेत अजून. ठोके आहेत तोवर मला गर्भपात करता येत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून कायदा असा आहे. माझा परवाना जाईल, आणि मी आयुष्यभर तुरुंगात."

"मग करायचं काय?"

"घरी जा. ताप आला, थंडी वाजली की लगेच घेऊन या. जंतू पसरायला लागले की मग आईच्या जिवाला धोका आहे असं मला लिहिता येतं."

"म्हणजे पोरगी मरायला लागली की आणू?"

डॉक्टर जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि व्हर्नाला उगीचच तेवढंच आठवत राहिलं.

आता सकाळचे नऊ वाजले होते आणि टेसा पलंगावर पडून फोनवर कायदा वाचत होती. ती परगण्याच्या गाडी-नोंदणी कचेरीत काम करायची. सरकारी भाषेची तिला सवय होती, निदान तिला तसं वाटायचं.

"ऐक हं. 'आईच्या जिवाला धोका, अथवा शरीराच्या एखाद्या प्रमुख कार्याची गंभीर हानी होण्याची शक्यता.'"

"प्रमुख कार्य म्हणजे कुठलं?"

"ते नाही लिहिलेलं."

"पुन्हा मूल होणं हे प्रमुख कार्य आहे का नाही?"

"तेही नाही लिहिलेलं, ममा." टेसाने फोन छातीवर उलटा ठेवला. "गाडीच्या नंबरप्लेटबद्दल यापेक्षा जास्त लिहिलंय. नंबर दिसला नाही तर दंड किती, अक्षर केवढं, सगळं."

"आणि दुसऱ्या राज्यात गेलं तर?"

"तिथला कायदा वेगळा. पण नेणाऱ्यावर कुणीही दावा लावू शकतो म्हणे. कुणी म्हणतं लावू शकतो, कुणी म्हणतं नाही. तीन ठिकाणी वाचलं, तिन्हीकडे वेगळं. कुणीही म्हणजे अगदी लिनेटसुद्धा."

लिनेट चर्चमधली. प्रार्थनेची साखळी तिच्याकडे होती. कुणाच्या घरी आजारपण आलं की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि जेवणवेळेपर्यंत सगळं गाव त्या माणसासाठी हात जोडून बसलेलं. व्हर्नाचा नवरा गेला तेव्हा याच साखळीने तिला सावरलं होतं. सकाळपासून तिने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. देवाला सांगायचं म्हणजे आधी लिनेटला सांगायचं, आणि लिनेटला सांगायचं म्हणजे गावाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला एकटीने प्रार्थना करायची वेळ आली होती, आणि धड शब्द सुचत नव्हते. देवा, हिला ताप येऊ दे, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दहाच्या सुमाराला टेसाचे दात वाजायला लागले.

व्हर्नाने हात लावला. चटका बसला. पुढचं तिच्या हातांनी आपणहून केलं: कपाट उघडलं, तापाच्या दोन गोळ्या काढल्या, पाण्याचा पेला टेसाच्या ओठाला लावला, पाठीवरून हात फिरवला. मग तिला उठवून कोट चढवला आणि गाडी काढली. टेसा लहान असल्यापासून व्हर्ना हे करत आली होती. आधी गोळी, मग डॉक्टर.

दवाखान्यापर्यंत जायला पाऊण तास, आणि तिथे बाकावर त्याहून जास्त वेळ बसावं लागलं. टेसाला आत घेतलं तोवर तिला घाम फुटला होता आणि गालांवर जरा रंगही आला होता. नर्सने थर्मामीटर लावला.

"नॉर्मल," नर्स म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

तेव्हा कुठे व्हर्नाच्या डोक्यात उजेड पडला. तिने तोंडावर हात दाबला.

"मी गोळी दिली. अहो, मी गोळी दिली हिला! भाजत होती नुसती!"

"किती होता, मॅम?" डॉक्टर प्रुइटने विचारलं.

"खूप होता."

"आकडा?"

"हाताने बघितला. माझा हात आहे ना!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर." आणि तो खरंच बोलत होता, हे व्हर्नाला दिसत होतं. तो बाहेर गेला, दवाखान्याच्या वकिलाशी फोनवर बोलला, परत आला. "रक्ताच्या तपासणीत थोडं दिसतंय. पण पुरेसं नाही. यंत्रावर दिसलं पाहिजे. गोळीचा असर उतरला की परत या."

"पुरेसं म्हणजे किती हो? एकदाचं सांगा. तेवढी आजारी करून आणते."

"मलाही कुणी सांगत नाही, मॅम," तो म्हणाला, आणि हे मात्र त्याने जवळजवळ ओरडूनच म्हटलं.

चाकांच्या खुर्चीवरून टेसाला गाडीपर्यंत सोडायला तीच नर्स आली. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं मारिसोल. दारातून बाहेर पडेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. गाडीपाशी आल्यावर तिने मागे वळून बघितलं.

"तुम्हाला हिरवी मिरची आवडते का, मॅम?"

"काय?"

"भाजलेली हिरवी मिरची. न्यू मेक्सिकोसारखी कुठे मिळत नाही. माझी बहीण अल्बुकर्कीला असते. बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे, दोलोरेस नाव. लोक मिरचीसाठी इथून गाडी काढून जातात. हल्ली तर बरेच जातात. शिळी होऊ द्यायची नाही, लगेच निघायचं. आणि सरळ इमर्जन्सीच्या दारातून जायचं."

"माझी मुलगी इथे मरायला टेकलीय," व्हर्ना कडाडली, "आणि तुम्ही मला मिरची आणायला सांगताय? लाज नाही वाटत?"

मारिसोलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रिकामी खुर्ची ढकलत आत निघून गेली.

व्हर्नाने दार आपटलं, किल्ली फिरवली. "मिरची म्हणे! डोंबल मिरची! माणसं आहेत का कोण आहेत ही!"

शेजारून विचित्र आवाज आला. टेसा हसत होती. पोट धरून, कण्हत कण्हत हसत होती.

"ममा, अगं ममा. मिरची नाही गं ती. न्यू मेक्सिको दुसरं राज्य आहे."

व्हर्नाने दवाखान्याच्या दाराकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. माफी मागायला आत जावं तर त्या बिचारीचीच नोकरी जायची. तिने गाडी पश्चिमेकडे वळवली.

रस्ता सरळसोट होता. दोन्हीकडे कापूस काढून नेलेली उघडी शेतं आणि पवनचक्क्या. आरशात मागे एखादी गाडी फार वेळ दिसली की व्हर्नाला घाम फुटायचा. ही लिनेटच्या नवऱ्याची तर नाही? छप्पन्न वर्षांची बाई, आयुष्यात कधी लाल दिवा मोडला नाही, आणि आज स्वतःच्या लेकीला डॉक्टरकडे नेताना ती चोरासारखी आरशात बघत होती. राग कुणावर काढावा तेही कळेना. कायदा करणारे टीव्हीवर होते, डॉक्टर बुटाकडे बघत होता, आणि हाताशी होतं फक्त स्टिअरिंग. तिने त्यालाच दोन गुद्दे घातले.

राज्याची सीमा ओलांडली तेव्हा गाडीतलं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं.

"चला, एक तास मिळाला," टेसा म्हणाली. मग तिचे दात पुन्हा वाजायला लागले.

या वेळी थंडी जोरात होती. टेसाने गुडघे पोटाशी घेतले. "ममा, गोळी दे ना. अंग मोडून आलंय."

गोळ्यांची बाटली व्हर्नाच्या कोटाच्या खिशातच होती. तिचा हात खिशात गेलाही. मग तिने तो बाहेर काढला आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

"थोडं सोस, बाळा."

"ममा, प्लीज."

"नाही दिली तर बरं. तिथं यंत्रावर दिसला पाहिजे."

टेसाने पुढे मागितली नाही. ती फक्त कण्हत राहिली, आणि खिशातली बाटली प्रत्येक खड्ड्याला खुळखुळत राहिली. उरलेला सगळा रस्ता व्हर्ना तो आवाज ऐकत होती. एवढा दुष्टपणा तिने कधी शत्रूशीही केला नव्हता.

अल्बुकर्कीच्या दवाखान्यात उन्हं कलताना दोघी पोचल्या. इमर्जन्सीच्या दारातून टेसाला आत नेलं ते धावतच. हात, सुया, बाटल्या, माणसं. मारिसोलसारखेच डोळे असलेली एक थोराड नर्स व्हर्नाजवळ आली.

"ताप फार आहे. वाटेत काही दिलं नाही का?"

"नाही," व्हर्ना घाईघाईने म्हणाली. "अजिबात नाही. गोळ्या आहेत माझ्याकडे, पण दिल्या नाहीत. सकाळी दिल्या होत्या, ती चूक झाली. आता दिली असती तर तुम्हीसुद्धा परत पाठवलं असतं. बघा ना, यंत्रावर बघा, पुरेसा आहे ना?"

दोलोरेसने व्हर्नाचा हात हातात घेतला.

"इथे त्यासाठी ताप लागत नाही, मॅम."

व्हर्ना खुर्चीत बसली. खिशातली बाटली तिने मुठीत इतकी आवळून धरली होती की झाकणाचे वळ तळव्यावर उठले.

बऱ्याच वेळाने दोलोरेस परत आली. टेसा वाचेल, म्हणाली. बाकीचं, म्हणजे पुढे मूल वगैरे, ते दोन दिवसांनी कळेल. जंतू बरेच पसरले होते. काल आली असती तर प्रश्नच नव्हता. शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली.

मग ती तिथेच घुटमळली.

"मुलगी होती," ती म्हणाली. "टेसाला तिला एकदा हातात घ्यायचंय. गुंडाळायला काही आणलंय का तुम्ही? नसलं तर आमच्याकडे आहे, पण घरचं असलं तर बरं वाटतं."

कालपासून सगळेजण ठोक्यांबद्दल बोलले होते. गुंडाळायला काही आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. व्हर्ना गाडीकडे गेली. मागच्या सीटवर तिची विणकामाची पिशवी होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती बाळाच्या शालीच्या दोन-चार ओळी विणायची. तिने पिवळी शाल काढली, सुया ओढून घेतल्या, सुटलेल्या टोकाला गाठ मारली आणि परत आली.

"अर्धीच झालीय," ती म्हणाली. "वेळ आहे असं वाटलं होतं."

दोलोरेसने शाल दोन्ही हातांवर घेतली आणि नजरेने मापली.

"पुरेल," ती म्हणाली.