तोटीची पूजा

१९९४ सालची खंडेनवमी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतली ती सूत गिरणी सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि म्हाळसाचा नवरा गेणू जाऊन अजून वर्षही सरलं नव्हतं.

गेणू गिरणीत आगीच्या पाण्यावर होता. छताखालून लाल नळ गेलेले, त्यांना ठिकठिकाणी पितळी तोट्या, आणि प्रत्येक तोटीच्या तोंडाशी लाल पाण्याची इवलीशी काचेची कुपी. खाली आग लागली की धगीनं कुपी फुटायची आणि तेवढ्याच तोटीतून पाण्याचा फवारा सुटायचा. विमा कंपनीचा तसा नियमच होता. दर सोमवारी गेणू चाचणीचा व्हॉल्व्ह उघडून घंटा वाजते का पाहायचा, पंप चालवून बघायचा, टाकी कधी उणी पडू द्यायचा नाही. माणूस मोरगावकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. नळांवरही त्याची कळपासारखीच नजर. "तोटीला रंग द्यायचा न्हाय, दोरी बांधायची न्हाय, कापसाच्या गाठी तिच्यापतोर रचायच्या न्हाईत," असं तो जेवता जेवता सांगायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं ऐकायला एकटी म्हाळसा.

तो काविळीनं गेला. गिरणीनं म्हाळसाला झाडलोटीचं काम दिलं आणि पंपघराशेजारची खोली तिच्याकडेच ठेवली. ती खोली गेली तर दिराच्या दारात जायचं, आणि तिथं तिला 'बस' म्हणणारं कुणी नव्हतं. खोलीतही बोलायला कुणी नव्हतं म्हणा; पण भिंतीपलीकडं पंप होता, आणि तो सुरू झाला की तिला घरात माणूस असल्यासारखं वाटे.

खंडेनवमीला गिरणी थांबली. ज्यानं त्यानं आपलं यंत्र पुसलं, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटले. दर वर्षी गेणू पंपाला हळदकुंकू वाहायचा. यंदा पंपघराकडं कुणी फिरकलंच नाही.

म्हाळसा देखभालीच्या सुपरवायझरकडं गेली. दादासो भवानीनगरचा, वयानं तिच्या पुतण्याएवढा, जिभेला तिखट पण मनाचा वाईट नव्हे.

"दादासो, आगीच्या नळास्नी एक नारळ द्या की."

"काकू, त्यांनी आजवर केलंय काय? चार वर्सं नुसते लोंबकळत्यात. बसून खाणाऱ्याला कसला नारळ!"

भोवतीचे कामगार हसले. कँटीनमधली फुलाबाई म्हणाली, "आगं, त्यांनी काम करावं आसं वाटतंय व्हय तुला? गिरणी पेटंल की, बये!"

म्हाळसाही हसली. पण ते हसू ओठावरच राहिलं. गेणूची सारी नोकरी त्या नळांमागं गेली. म्हणजे तोही बसूनच खात होता की काय?

दुपारी सगळे प्रसादाच्या जेवणाला बसले, तेव्हा ती निरांजन आणि हळदकुंकू घेऊन निघाली. आत गिरणीत काडी ओढायला बंदी होती, म्हणून ती पंपघरापुढच्या पडवीत गेली. तिथं छताला एक तोटी होती. टोकाला सुताची खोकी रचलेली; सणामुळं ती ट्रकात चढायची राहिली होती. ज्योत तिथवर पोचणार नव्हती. पाणी पोचेल, हे तिच्या मनातच आलं नाही.

शिडीवर चढून तिनं कुंकू नळाला लावलं, तोटीला नाही. गेणूचा शब्द पाळला. ओवाळू नकोस, असं मात्र तो कधी बोलला नव्हता. त्याच्या डोक्यातच आलं नसणार. ओवाळता ओवाळता तिला रडू फुटलं आणि निरांजनाचा हात तोटीखाली तसाच थांबला.

टक्‌ असा आवाज झाला. आधी काळं, कुबट पाणी डोक्यावर आलं, मग स्वच्छ पाण्याचा लोंढा. घंटा घणघणू लागली. जेवती माणसं ताटावरून उठून धावली. दादासोनं व्हॉल्व्ह बंद केला तोवर खोक्यांचा लगदा झाला होता.

मॅनेजर रणजितसाहेब आले. "ही फुटली कशी?"

दादासोचा चेहरा पांढरा पडला. तोटी आपोआप फुटली असेल, तर देखभाल त्याची. फुलाबाईनं म्हाळसाच्या कानात सांगितलं, "गप ऱ्हा. खोली ऱ्हाईल तुजी."

म्हाळसानं भिजलेला पदर पिळला.

"मी ओवाळलं, साहेब. माज्या हातच्या निरांजनाची धग लागली."

साहेबांनी भिजलेल्या खोक्यांकडं पाहिलं. गिरणीत उघडा जाळ दिसला की काम गेलं, असं फाटकावरच लिहिलेलं होतं. "दिवाळीच्या आत खोली रिकामी करा," म्हणाले आणि मान वळवून निघून गेले.

निघायच्या दिवशी तिची ट्रंक दादासोनं स्टँडवर आणली. मोरगावची एसटी लागली होती.

"काकू, खोटं बोलला आसता तरी चाललं आसतं."

"तुज्या पोटावर पाय दिऊन?" ती म्हणाली. मग ट्रंकेवर बसत, "पानी बाकी जोरात आलं, न्हाय?"

"घंटाबी वाजली की, काकू."

"त्यानं ऐकाय पायजे हुती."

पुढं दादासो दर सोमवारी स्वतः चाचणीचा व्हॉल्व्ह उघडू लागला. गिरणी बंद पडल्यावर तो भवानीनगरला ऊस बघत राहिला. रणजितसाहेब पुण्याला गेले ते गेलेच. फुलाबाईला गुडघ्यांनी धरलं. ती लेकीकडं इंदापूरला गेली. लाल नळ भंगारात निघाले; त्या गिरणीला आग कधी लागली नाही. म्हाळसाला दिरानं मागच्या पडवीत जागा दिली. तिनं चार शेळ्या पाळल्या, फारशी कुणाशी बोलली नाही, आणि एका उन्हाळ्यात शेळ्यांना पाणी दाखवून आली, ती पडवीतच निजली ती उठली नाही.