आठवा पंधरवडा

कमलाकांतला नोकरी लागली. पण ते तूर्त कुणी ऐकलंच नाही असं धरू, कारण कारखान्याच्या गेटवरचे पहारेकरी तात्या, त्यांनाही ते अजून ठाऊक नव्हतं.

१९८६च्या चैत्री पौर्णिमेला हा सातपाटीचा पोरगा बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात अर्ज देऊन गेला. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांनी ये." असं साहेब सगळ्यांनाच म्हणत. त्याचा अर्थ 'येऊ नकोस', आणि तो सगळ्यांना कळे. कमलाकांतच्या घरी मात्र पंधरवडा तिथीने मोजत. अमावास्येला तो हजर.

"तात्या, माज्या अर्जाचं काय?"

"पंधरा दिवसांनी ये."

पौर्णिमेला पुन्हा हजर. ती नेमकी कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी आली होती. "आज फक्त येऊन गेलो म्हणून लिवा," म्हणाला. तात्यांनी गेटच्या रजिस्टरात लिहिलं. पुढे वटपौर्णिमा कधी, हे तात्यांची बायको कॅलेंडर सोडून त्यांना विचारू लागली.

"बापाची बोट हाय ना रे? मग इथं कशाला झिजतोस?" तात्यांनी एकदा त्याला विचारलं.

"हाय ना. पण बंदर सुटायच्या आत मला उलटी होते. बाबा म्हणतो, नारळी पुनवेपर्यंत नोकरी दाखव, नाय तर बोटीवर चल."

कोळ्याच्या पोराला बोट लागते, यावर तात्या हसले नाहीत. त्यांनी आपलं स्टूल पुढे केलं.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरचे झाडून सगळे कामगार रजेवर गेले. पॅकिंग बंद पडायची वेळ आली, तेव्हा साहेब स्वतः गेटवर माणसं शोधत आले. स्टुलावर कमलाकांत.

"आज तुमच्यात सण ना? तू इथे कसा?"

"पंधरा दिवस आज भरतात, साहेब."

तात्यांनी रजिस्टर उघडून धरलं. "हा आठवा पंधरवडा, साहेब. एकदाही चुकला नाय. आपली शिफ्टची बस तरी अशी येते का?"

साहेबांनी त्याला सरळ आत नेलं. सहा महिने, तात्पुरता. तात्यांनी कमलाकांतला जनरल मॅनेजरला ठोकतात तसला सलाम ठोकला.

सहा महिने संपले म्हणजे पुन्हा बोट. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याने कायम करण्याचा अर्ज दिला. साहेब सवयीने म्हणाले, "पंधरा दिवसांनी बघू." आता तो पॅकिंगवर अडकलेला, गेटवर चौकशीला यायचं कुणी? त्याने अर्जाला पुरवणी जोडली, आणि ती तात्या दोन्ही हातांनी धरून आत घेऊन गेले:

'तरी सदर अर्जाची चौकशी करण्यासाठी अर्जदारास दर पौर्णिमा व अमावास्येस गेटबाहेर उभे राहण्याकरिता भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही विनंती.'