फुंकरबाबांची तार

डांबरी रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते, तिथे एक पत्र्याची शेड आहे. त्या सकाळी शेडखाली जीपवाल्यांची ही झुंबड उडाली होती. मधोमध जुन्या टायरवर फुंकरबाबा मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चिमटीत फ्यूजचा एवढासा निळा तुकडा होता.

"बघा! डोळे फाडून बघा! आतून काळाठिक्कर पडलाय. काय आहे हे?"

"फ्यूज," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मूर्खा, हे पाप आहे! गाडीच्या पोटात साचलेलं पाप! तुम्ही वाळू तुडवता, वाळूखाली कोण कोण निजलंय ते तुम्हाला काय ठाऊक? त्यांची झोप मोडते, ते तुमचा श्वास अडवतात. म्हणून तुमची टायरात हवा भरायची मशीनं बंद पडतात!"

बाबांनी तो तुकडा फेकला, झोळीतून तांब्याची एक तार काढली, तिच्यावर तीनदा फुंकर मारली आणि शेजारच्या जीपमध्ये फ्यूजच्या जागी खुपसली. "लाव बटण!"

मशीन धडधडायला लागलं. बसलेला टायर फुगू लागला. "वाऽऽ!" एका पोक्त ड्रायव्हरने तर गाडीलाच हात जोडले.

गर्दीच्या कडेला वायंडिंगवाली मावशी उभी होती. शेडसमोर तिचं दुकान. जळलेल्या मोटरी उकलायच्या आणि नव्या तारेने गुंडाळून द्यायच्या, हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. तिच्यासमोर तांब्याच्या तारेवर फुंकर मारणं म्हणजे सुताराला लाकूड दाखवून घाबरवण्यासारखं होतं.

"तीन फुंकरी कशाला? एकीत भागत नाही वाटतं," ती म्हणाली.

"हळू बोल गं मावशी!" तिचा भाचा कळवळला. त्याला सगळे भोंपू म्हणत, कारण तो ब्रेकच्या आधी हॉर्न दाबायचा. "खरंच गुण आहे त्या तारेत. मी तर कालच घालून घेतली."

"तू? कशाला?"

"म्हणजे काय! शुक्रवारी हिला दवाखान्यात न्यायचंय ना."

भोंपूच्या बायकोचे, म्हणजे मावशीच्या सूनबाईचे, दिवस भरत आले होते. घर वाळूपलीकडे, दवाखाना डांबरी रस्त्याने पुढे दोन तासांवर. वाळूत जाताना टायरमधली निम्मी हवा सोडावी लागते, नाहीतर गाडी रुतते. आणि डांबरीवर आलं की परत भरावी लागते, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. म्हणून प्रत्येक जीपमध्ये हवेचं छोटं मशीन असतंच. गेले दोन महिने ही मशीनं दुसऱ्या टायरलाच मान टाकत होती आणि जीपवाल्यांच्या नाकी नऊ आले होते.

"तुझी गाडी दाखव," मावशी म्हणाली.

भोंपूच्या जीपचं दार उघडलं आणि ती दारातच थबकली. आयुष्य जळक्या मोटरींत गेलेलं नाक ते. त्याला अत्तर एक वेळ कळणार नाही, पण भाजलेलं प्लास्टिक शंभर पावलांवरून कळायचं. तिने कनवटीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डॅशबोर्डवरच्या सिगारेट-लायटरच्या भोकामागची पट्टी खोलली. आतल्या दोन वायरी तपकिरी पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. वरचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं.

"अगं बाई! एका दिवसात?"

"चारही टायर भरले की एका दमात," भोंपू अजून कौतुकातच होता.

"समोरच्या सीटवर कोण बसणार शुक्रवारी?"

"ही."

"मग बघ. ही आग तिच्या गुडघ्यासमोर लागणार होती."

भोंपूचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीला त्याची दया आली आणि रागही आला, पण आधी विचारायचं ते तिने विचारलं.

"जुनं मशीन कुठंय तुझं?"

"काढून टाकलं. आता सगळ्यांकडे हे नवं, दोन सिलिंडरचं. निम्म्या वेळात टायर भरतं."

"त्याच्या जाड वायरीला बॅटरीला लावायचा एक लाल आणि एक काळा चिमटा असतो. ते कुठायत?"

भोंपू खाली बघायला लागला. "ते कापले. वाळूचा वारा सुटला की कोण बॉनेट उघडत बसणार? लायटरच्या भोकात बसेल असा प्लग लावून घेतला. सगळ्यांनीच लावला."

"आणि चिमटे?"

"ते हिने घेतले. कपडे वाळत घालायला. फार घट्ट बसतात गं, चादरसुद्धा उडत नाही."

मावशीने कपाळावर हात मारला. मग तिला हसू फुटलं. वाळूपलीकडच्या सगळ्या दोऱ्यांवर हे लाल-काळे चिमटे तिने स्वतः पाहिले होते आणि नवीन फॅशन समजून सोडून दिले होते. हसून झाल्यावर ती दुकानात गेली, हाताला लागलं ते सामान उचललं आणि तडक गर्दीत घुसली.

"बाबा, माझ्याकडेही एक तार आहे."

"सिद्ध केलेली?" बाबांनी भुवई उडवली.

"पंख्यातून काढलेली. मंत्र सोडा, हिने आजवर माझ्या शिव्याच ऐकल्यात." तिने शेजारच्या जीपमधली बाबांची तार उपटली, आपली खुपसली आणि बटण दाबलं. मशीन तसंच धडधडलं. तिने लगेच बंदही केलं.

गर्दीत कुजबुज झाली. बाबांनी हात उंचावला. "मी इथे बसलोय म्हणून चाललं! हा माझ्या सान्निध्याचा प्रताप!"

"बरं झालं बसलाय ते. उठू नका." मावशीने बारीक वायरीचा हातभर तुकडा उलगडून दुकानातल्या चिमट्यांनी बॅटरी आणि मशीनच्या मध्ये जोडला. "मंडळी, लायटरच्या भोकामागे हीच वायर असते. आता मशीनचा करंट हिच्यातून नेते. बाबा, मधला भाग मुठीत धरा. पुण्यवान हाताला चटका कसला बसतोय?"

"मी अशा पोरखेळात..."

"धरा की बाबा!" मागून पंक्चरवाला ओरडला. "आमच्या डॅशबोर्डने धरलीच की!"

हशा पिकला. आता माघार घेतली तर अब्रू जाणार, म्हणून बाबांनी वायर मुठीत धरली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. एक टायर होईपर्यंत पुटपुटणं ऐटीत चाललं होतं. दुसऱ्या टायरला ते घाईत आलं. तिसरा निम्मा भरला तोच बाबा टायरवरून टुणकन उडाले.

"आई गंऽऽ! मेलो!"

मावशीने झटकन चिमटा काढला. खाली पडलेल्या वायरीतून धुराची रेघ निघत होती. बाबा तळहातावर फुंकर मारत होते आणि या वेळी तीनवर थांबले नाहीत.

"मारा, मारा," मावशी म्हणाली, "आज पहिल्यांदाच योग्य जागी मारताय. आता शेवटचं. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा."

"ते सिद्धस्थान आहे! तिथे परक्याची नजर..."

पंक्चरवाला तोवर पोचलाही होता. बॉनेट उघडलं. आत हवेचं मशीन नीट पट्टीने आवळलेलं होतं. त्याची बोटाएवढी जाड वायर थेट बॅटरीला गेली होती, टोकाला लाल-काळे चिमटे आणि वायरीतच स्वतःचा मोठा फ्यूज. तांब्याची तार कुठेच नव्हती.

जीपवाले बॉनेटभोवती दाटले.

"एवढी गुणाची तार," मावशीने विचारलं, "ती स्वतःच्या गाडीत का नाही घातली हो?"

बाबांनी झोळी गोळा केली, काहीतरी शापासारखं बोलले आणि चार टणक टायरांवरून भुर्रकन निघून गेले. त्यांना अडवायलाही कुणी गेलं नाही, इतके सगळे आपापले डॅशबोर्ड उघडण्याच्या घाईत होते. एकूण अकरा गाड्यांत वायरी वितळलेल्या निघाल्या.

मग मावशीने टायरवर बसून सांगितलं. "हे बघा. नवं मशीन जास्त करंट ओढतं. लायटरची वायर बारीक, तिला तो पेलत नाही. ती पेटायच्या आत फ्यूज स्वतः जळतो आणि करंट तोडतो, त्याचं कामच ते. तुम्ही त्याला पापी ठरवून हाकललंत आणि कधीच न जळणारी तार आणून बसवलीत. मग जळायला उरली गाडी. चिमटे थेट बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा म्हणजे बॅटरी उतरणार नाही. दोन टायर झाले की मशीनला थोडं थंड होऊ द्या. झालं!"

त्या दिवशी घरोघरच्या चादरी दोरीवरून खाली आल्या.

शुक्रवारी वारा सुटला होता. डांबरीच्या टोकाला भोंपूने गाडी उभी केली. आत सूनबाई कळा सोसत, "आटपा हो!" म्हणत होती. मावशीने तिचा हात धरून ठेवला. वाळू डोळ्यांत जात असताना भोंपूने बॉनेट उघडलं, चिमटे लावले, टायर भरले. पट्टीमागच्या वायरी त्याने नव्या घातल्या होत्या आणि नवा फ्यूजही. कसला वास नाही, धूर नाही. दोन तासांनी ते दवाखान्यात पोचले आणि दुपारी मुलगी झाली. मावशी रडली, मग रडल्याबद्दल भाच्यावरच खेकसली.

तिसऱ्या दिवशी ती दुकान उघडते तो दारात सात जीपवाले! पुढे तोच पोक्त ड्रायव्हर, हातात कोरा फ्यूज.

"मावशी, एवढा तुमच्या हाताने बसवा. तुमच्या हाताला गुण आहे." आणि तो चक्क वाकायला लागला.

"ए, खबरदार! पायाला हात लावलास तर!" मावशी कडाडली. "एक बाबा घालवला तो मला बसवायला काय रे? माझ्या हाताला काडीचा गुण नाही. उद्या मीही चुकेन, तेव्हा मलाही असंच बॉनेट उघडायला लावा. कुणीही सांगितलं तरी आधी विचारा, असं का? आणि उत्तर नाही मिळालं तर गाडीत बायकापोरं बसवू नका."

ड्रायव्हर ओशाळला. मावशीने कनवटीचा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याच्या हातात ठेवला.

"आता सांग. आधीचा का जळला?"

त्याने डोकं खाजवलं. फ्यूज उलटासुलटा करून पाहिला. मागचे सहाजणही पुढे सरकून त्यात डोकावायला लागले.

"मावशी," तो म्हणाला, "आधी वायर बघू का?"