डावा गुडघा

"डावा गुडघा धरा तिचा," मष्णू सर म्हणाले आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

तालुक्याच्या मुलींच्या कबड्डीची फायनल होती. मध्यंतर झालं होतं आणि सरकारी शाळेच्या सात जणी त्यांच्याभोवती धापा टाकत उभ्या होत्या. राखीव अशी एकही नव्हती. कप्तान ऋतिकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कुणाचा, सर? तेजस्वीचा?"

"व्हय. वळताना डाव्या पायावर भार देतीया. तितंच झोंबा."

"पर सर, तो गुडघा..."

"मला ठाव हाय."

ठाऊक नसायला काय झालं! जांबोटीकडच्या त्यांच्या शाळेला मैदान नाही. गावातलं भाताचं खळं मुलींनीच शेणानं सारवायचं आणि त्यावर खेळायचं. तिथंच गेल्या वर्षी तेजस्वीचा गुडघा दुखावला. मष्णू सर आंबेहळदीचा लेप लावून आपल्या खांद्यावरचा पंचा फाडून त्याची पट्टी बांधायचे, गाठ बाहेरच्या बाजूला. दुखणं कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

जूनमध्ये हमरस्त्यालगतच्या निवासी शाळेची माणसं गाडी घेऊन आली. हॉस्टेल फुकट, बूट फुकट, रोज अंडी. तेजस्वीची आई यशोदाबाई सरांना विचारायला आली, तेव्हा मन मोठं करून ते म्हणाले, "पाठवा." मन मोठं करणं एक दिवस जमतं. रोज जमत नाही.

आज तीच तेजस्वी समोर होती. निवासी शाळेच्या तिच्या संघात तालुक्यातल्या सगळ्या सरकारी शाळांची साय काढून घातलेली. सामना त्यांच्याच मॅटवर. ऋतिकानं खळ्यावरची माती कागदात बांधून आणली होती, हाताला चोळायला. मॅट खराब होईल म्हणून पंचांनी ती बाहेर टाकायला लावली. तेव्हाच सरांचं डोकं फिरलं होतं.

मध्यंतरानंतर तेजस्वी चढाईला आली. वळली, आणि ऋतिकानं डोळे मिटून तिचा डावा गुडघा कवटाळला. तेजस्वी किंचाळून पडली. शिट्टी झाली, गुण मिळाला, पण सातांपैकी एकीनंही टाळी वाजवली नाही.

तेजस्वी लंगडत बाहेर गेली. तिच्या नव्या शाळेच्या सरांनी कन्नडमध्ये "कूतको," म्हणजे बस, एवढंच म्हटलं आणि दुसरी मुलगी आत पाठवली. तीही तसलीच तगडी. तिच्यामागे बाकावर आणखी होत्याच. मष्णू सरांची शाळा हरली, आणि चांगलीच हरली.

मुली पिशव्या भरत होत्या. सरांनी खांद्यावरचा पंचा फाडून पट्टी काढली आणि ते पलीकडच्या बाकाकडे गेले. तेजस्वीनं पाय पुढे केला. त्यांनी खाली बसून पट्टी बांधली, गाठ बाहेरच्या बाजूला.

"तुमीच सांगिटलासा न्हवं सर?"

"व्हय." त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीच सांगिटलं गं."

तिनं मान हलवली. रडली असती तर बरं झालं असतं.

"आता मला हाष्टेलात ठिवतील काय?"

"न्हाय ठिवली तर आपली शाळा हाय की."

"हाय की सर," ती म्हणाली. "पर तितं दुपारचं एकदाच जेवायला मिळतंय."



तेवढ्यात बक्षिसासाठी हाक आली. तेजस्वीनं घाईघाईनं ट्रॅकपँट चढवली आणि पट्टी दिसू नये म्हणून ती घोट्यापर्यंत खाली ओढून घेतली. मग दात आवळून ती सरळ चालत गेली. फोटोसाठी शेवटच्या टोकाला उभी राहिली, सगळा भार उजव्या पायावर देऊन, आणि फोटोवाल्यानं सांगितल्यावर हसली.