किनाऱ्यावरची डुकरं आणि आत्याचा हक्क

आनासेईनीनं लावलेली तिवराची रोपं डुकरांनी पुन्हा उकरली, तेव्हा तिनं चिखलातच बसकण मारली. शहराच्या नव्या आराखड्यात स्पष्ट होतं: नुकुआलोफाच्या या किनाऱ्यावर तिवरं जगली तर लाटा तीच अडवतील, नाही जगली तर दगडी बांध. बांध आला की बायकांचं शिंपले वेचणं संपलंच म्हणायचं!

सभेत तिचा धाकटा भाऊ विलिआमी, वस्तीचा प्रमुख, म्हणाला, "डुकरं कोंडा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या सभेतही अश्शाच डोलावल्या होत्या मेल्यांनी! किनाऱ्यावरची डुकरं कुणाची विचारलं, तर एकालाही आपलं डुक्कर ओळखू येईना.

आनासेईनीचं डोकं फिरलं.

"विलिआमी, आपल्या रीतीत बहिणीनं नाहीतर आत्यानं मागितलं तर नाही म्हणता येतं का रे?"

त्यानं मान खाली घातली. "नाही, ताई."

"मग किनाऱ्यावर दिसलेलं तुझं प्रत्येक डुक्कर माझं. आणि बायांनो, तुम्हीही कुणाच्या बहिणी, कुणाच्या आत्या आहात ना? बसलात काय? मागा की!"

मग काय विचारता! एकच गलका झाला.

"सेमिसी, तुझी ती काळी माझी!"

"आत्या, ती लग्नाला राखलीय गं!"

"मग कोंड. बाहेर दिसली की नेलीच."

संध्याकाळपर्यंत घरोघर खुंट ठोकले जात होते.

पुन्हा लावलेल्या रोपांना पालवी फुटली. आनासेईनी रोज बघायला जायची आणि हरखून परतायची. आराखडेवाले पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी मात्र एक कोपरा उकरलेला! ती तणतणत घरी आली, तर अंगणात तिची म्हातारी लेसिएली आत्या बसलेली. हातात दोर, दोराला आनासेईनीचीच लठ्ठ डुकरीण, नाक चिखलानं माखलेलं.

"जगाची कोंडलीस, पोरी. हिला कोण कोंडणार?"

"अगं आत्या, ही तर..."

"आता माझी."

आनासेईनीला आधी शरमल्यासारखं झालं, मग हसूच आवरेना. तशीच हसत ती किनाऱ्यावर गेली आणि अंधार पडेपर्यंत नवी रोपं लावत बसली.

दुसऱ्या दिवशी आराखड्यातून बांध खोडला गेला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग आत्यानं घातलेल्या जेवणात तिनं स्वतःचंच डुक्कर दोनदा मागून खाल्लं.